इंग्रजी धावते तिथे मराठी चालते

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारची सातवीतली मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली. इंग्रजीच्या धड्यात एक वाक्य होतं, ‘हर नोज वॉज रनिंग.’ तिच्याजवळ खिशात मावेल एवढा शब्दकोश होता आणि त्यात ‘रन’च्या पुढे दोनच शब्द होते : धावणे, पळणे. म्हणून तिनं वहीत लिहिलं होतं, ‘तिचं नाक धावत होतं.’ लिहिलं खरं, पण तिचं तिलाच पटेना. ‘काकू, नाक कसं धावेल?’

त्याच धड्यात आणखी दोन वाक्यं होती. ‘हर फादर रॅन अ शॉप.’ आणि ‘दे रॅन आउट ऑफ शुगर.’ तिच्या वहीत बाबांनी दुकान धावलं होतं आणि ते सगळे साखरेच्या बाहेर पळाले होते. वाक्यातला प्रत्येक शब्द तिनं शब्दकोशात पाहिला होता. मेहनतीत काही कमी नव्हती. तरीही हाती काही लागलं नाही, आणि आपल्याला इंग्रजी जमणारच नाही असं तिच्या मनानं घेतलं.

मी गेली बरीच वर्षं भाषांतराचं काम करते, त्यामुळे तिची ही अडचण मला जवळची आहे. इंग्रजीतले लांबलचक, अवघड दिसणारे शब्द कधी फारसा त्रास देत नाहीत. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एकच : प्रकाशसंश्लेषण. एकदा पाठ केला की झालं. घाम फोडतात ते दोन-चार अक्षरी साधे शब्द. रन, सेट, गेट, टेक, पुट, गो. त्यातही ‘रन’ सगळ्यांचा मुकादम.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा इंग्रजीतला सर्वांत मोठा शब्दकोश. त्याच्या नव्या, तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू असताना पीटर गिलिव्हर या संपादकांकडे ‘रन’ हा शब्द आला. त्या एका शब्दावर त्यांचे नऊ महिने गेले. २०११ साली ही गोष्ट जगापुढे आली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले होते ६४५. धाव, फेरी, आवृत्ती असं नाम म्हणून ‘रन’ जे काही सांगतो, ते यात धरलेलंच नाही.

त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ साली आलेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती एकच नोंद जवळजवळ ६०,००० शब्दांची होती. म्हणजे एका शब्दाचा अर्थ सांगायला मध्यम आकाराची कादंबरी. पुढे ‘मेक’ आणि ‘पुट’ यांनी ‘सेट’ला मागे टाकलं, आणि मग ‘रन’नं सगळ्यांनाच.

आता हे आकडे ऐकून त्या मुलीचा धीर खचला असता. ६४५ अर्थ पाठ करायचे कोणी? सुदैवानं कोणीच करत नाही, लंडनमध्ये जन्मलेला माणूसही करत नाही. त्याच्या मनात एक चित्र असतं आणि ते चित्र पसरत जातं. तेवढं चित्र हाती आलं की बाकीचे अर्थ बरेचसे आपोआप उलगडतात.

‘रन’मागचं चित्र असं : एखादी गोष्ट अडथळ्याशिवाय, भरभर, सलग पुढे जाते आहे. धावणारा माणूस हा त्या चित्राचा एक नमुना झाला. उतारावरून वाहणारं पाणी हा दुसरा. आपल्याला वाटतं की धावणं हा मूळ अर्थ आणि वाहणं हा नंतर चिकटलेला. तसं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसांसाठी आणि पाण्यासाठी पहिल्यापासूनच वापरत आणि उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘रेना’ या शब्दाचीही त्याला जोड मिळाली. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मनमध्ये आजही दोन वेगळी रूपं आहेत : धावण्यासाठी ‘रेनेन’ आणि पाणी ओघळण्यासाठी ‘रिनेन’. इंग्रजीत ती दोन्ही एकाच शब्दात मिसळून गेली. म्हणजे धड्यातल्या मुलीचं नाक धावत नव्हतं, वाहत होतं. मराठीत आपण अगदी तेच म्हणतो : नाक वाहतंय.

पाणी एकदा हाती आलं की पुढचे कितीतरी अर्थ ओळखीचे वाटायला लागतात. धुताना कपड्याचा रंग पाण्याबरोबर निघाला तर इंग्रजीत रंग ‘रन’ होतो, आपला रंग जातो. नळ सोडून टब भरणं हेही ‘रन’. पिढ्यान् पिढ्या एखाद्या घराण्यात गाता गळा असेल तर इंग्रजीत तो गुण त्या कुटुंबात ‘रन’ होतो, जणू काही एकच प्रवाह आजोबांकडून नातवाकडे आला. आपण म्हणतो, रक्तातच आहे. रक्तही वाहणारंच.

मग स्थिर गोष्टी. रस्ता नदीच्या काठानं ‘रन’ होतो, भिंत शेताच्या कडेनं ‘रन’ होते. भिंत तर जागची हलत नाही! हलते ती पाहणाऱ्याची नजर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर धावली आणि भाषेनं ते धावणं भिंतीच्या नावावर लिहून टाकलं. भाषाशास्त्रात याला काल्पनिक गती म्हणता येईल, आणि ती फक्त इंग्रजांची मिरास नाही. ‘हा रस्ता कुठे जातो?’ हे आपण रोज विचारतो. वाट डोंगर चढते, पायऱ्या घाटावर उतरतात, कुंपण ओढ्यापर्यंत जातं.

याच अर्थाचा एक तुकडा आपल्या घराघरांत येऊन बसलाय. स्वयंपाकघराचा ओटा, जिन्याचा कठडा किंवा भिंतीच्या तळाशी बसवायची फरशीची पट्टी करून घेतली असेल तर आठवून बघा. सुतार किंवा फरशीवाला टेप लावतो आणि म्हणतो, ‘बारा रनिंग फूट होतंय.’ रुंदी किती आहे, उंची किती आहे हे त्यात येत नाही. टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेकडेनं जाते, कोपरा आला तर वळते आणि जेवढी लांबी चालून जाते तेवढे रनिंग फूट. ज्याला इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता येत नाही असा कारागीर ‘रन’चा हा बारीक अर्थ इतका अचूक वापरतो की मला दर वेळी कौतुक वाटतं. सरकारी कंत्राटातलं ‘रनिंग बिल’ही तसंच, काम पुरं व्हायच्या आधी, चालू असतानाच टप्प्याटप्प्यानं काढलेलं बिल. जुनी मोटारसायकल विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘रनिंग किती झालंय?’ आणि मुंबईच्या लोकलमध्ये आई मुलाला बजावते, ‘रनिंगमध्ये उतरू नकोस.’ हे चारही अर्थ मराठीनं पचवलेत.

एक अर्थ मला जरा थांबून दाखवावासा वाटतो, कारण शब्दाचा अर्थ कसा सरकतो हे त्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं. तो म्हणजे क्रिकेटमधली धाव. फलंदाजानं चेंडू टोलवला, दोघे जण बावीस यार्डांच्या खेळपट्टीवरून धावले, जागा बदलल्या, एक धाव झाली. इथे ‘रन’ म्हणजे शब्दशः धावणं. जुन्या काळी हिशेब ठेवणारा माणूस प्रत्येक धावेला लाकडाच्या काठीवर एक खाच पाडायचा, त्यामुळे धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, असंही म्हणत. आता चेंडू सीमारेषेपार गेला तर काय? फलंदाज जागचा हलत नाही, तरी चार ‘धावा’ मिळतात. वाइड चेंडू पडला, कोणीच पळालं नाही, तरी एक धाव. म्हणजे धावण्याची क्रिया मागे राहिली आणि मोजण्याचं माप तेवढं उरलं. ही उडी शब्दानं कधी मारली ते खेळणाऱ्यांच्या लक्षातही आलं नसेल. मराठीनं हा खेळ आपलासा केला तेव्हा ‘धाव’ या आपल्या जुन्या शब्दावर हे नवं माप ठेवून दिलं. आज ‘त्यानं सीमारेषेबाहेर फटका मारून चार धावा काढल्या’ हे वाक्य वाचताना कोणालाही खटकत नाही. विमानाच्या ‘रनवे’ची आपण ‘धावपट्टी’ केली तीही अशीच.

क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ म्हणजे धावचीत. पण साखर ‘रन आउट’ झाली तर ती संपली. इथे इंग्रजीची एक खोड लक्षात घ्यायला हवी, कारण ६४५ हा आकडा फुगण्यामागे तिचा मोठा हात आहे. इंग्रजी क्रियापदाला आउट, इन, अप, डाउन, ओव्हर, ऑफ, इन्टू, थ्रू असे छोटे शब्द चिकटतात आणि प्रत्येक जोडीतून वेगळा अर्थ निघतो. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं. ‘रन अप’ म्हणजे दुकानदाराकडे उधारी चढवणं. ‘रन इन्टू’ म्हणजे धडकणं, किंवा बाजारात जुनी मैत्रीण अचानक भेटणं. ‘रन थ्रू’ म्हणजे एखाद्या कागदावरून झरझर नजर फिरवणं. ‘रन डाउन’ म्हणजे बॅटरी उतरणं, माणूस थकून जाणं, कोणाला नावं ठेवणं, यांपैकी काहीही. साखरेच्या वाक्यात प्रवाहाचंच चित्र आहे : धार वाहता वाहता भांडं रिकामं झालं.

मराठीही हेच करते, फक्त जोड दुसऱ्या बाजूनं देते. आपण मुख्य क्रियापदाला जाणे, टाकणे, बसणे, घेणे जोडतो. ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’, ‘विसरलो’ आणि ‘विसरून बसलो’ यांतला फरक परक्या माणसाला समजावून सांगायला गेलं की आपलीच दमछाक होते.

दुसरी गोष्ट व्याकरणातली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे ही वेगवेगळी रूपं आहेत. गोष्ट स्वतः होते की कोणी ती करवतो, हे क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. ‘रन’ला अशी शेपटी नाही. दुकान रन होतं आणि बाबा दुकान रन करतात, दोन्हीकडे तोच शब्द. नामही तोच. आपण जिथे तीन रूपं करून ठेवतो, तिथे इंग्रजी एकाच रूपावर तिन्ही ओझी टाकते. अर्थांची गर्दी होणारच.

तिसरं कारण इतिहासातलं. ब्रिटनमध्ये वाफेची यंत्रं आली, गिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वे आली. या नव्या गोष्टी काय करतात हे सांगायला भाषेकडे शब्द नव्हता. यंत्र बसत नाही, चरत नाही, नांगरत नाही. ते सलग, न थांबता फिरत राहतं, तेव्हा यंत्रही ‘रन’ झालं. रेल्वे रन झाली, वेळापत्रक रन झालं, कारखाना रन करणारे मालक आले. विसाव्या शतकात संगणक आला, त्याला दिलेल्या सूचना एकामागून एक सलग पार पडू लागल्या, आणि प्रोग्रॅमही रन झाला. ‘सेट’ हा शब्द ‘सिट’चा, म्हणजे बसण्याचा सोयरा, एका जागी ठेवणारा. बसून असलेल्या शब्दाला धावणाऱ्या शब्दानं मागे टाकलं, आणि ‘रन’चे अर्थ असे वाढत होते त्याच काळात ब्रिटनही घोडागाडीतून उतरून आगगाडीत बसलं, हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

आता मराठीकडे वळू या, कारण माझा मुद्दा खरा इथे आहे. यंत्र आपल्याकडेही आलं. आपण काय म्हणालो? यंत्र चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, शाळा चालते, खटला चालतो, श्वास चालतो, नाटक वर्षभर चालतं, फाटकी नोट चालत नाही, ताप आला की डोकं चालत नाही. बाबा दुकान चालवतात, आई घर चालवते. जिथे जिथे इंग्रजी धावते, तिथे तिथे मराठी चालते. सलग पुढे जाण्याचं चित्र दोन्हीकडे तेच, पाय मात्र वेगळ्या वेगानं पडतात. आणि आपलं चालणं त्यांच्या धावण्याहून कितीतरी जागी पुढे गेलंय. ‘उद्या आलो तर चालेल का?’ यातलं ‘चालेल’ इंग्रजीत ‘रन’नं सांगताच येणार नाही. ‘चालू’ शब्दच घ्या : चालू महिना, चालू खातं, पंखा चालू, आणि ‘तो माणूस भारी चालू आहे’.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, ‘रन दिसला की आधी तिथे चालणे, चालवणे आणि वाहणे घालून बघ, मग धावणे.’ बाबांचं दुकान लगेच चालायला लागलं.

हे नेहमी जमेल असं मात्र नाही. निवडणुकीचं उदाहरण पाहा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये मात्र तो निवडणुकीला ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. भाषा एक, निवडणुकीची पद्धतही बरीच सारखी, पण एका देशानं ती शर्यत मानली आणि दुसऱ्यानं लोकांपुढे उभं राहणं. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. ‘यंदा आमच्या वॉर्डातून कोण उभं आहे?’ इथे भाषांतर करताना धावण्या-चालण्याचा मोह टाळावा लागतो. तापाचंही तसंच : इंग्रजीत माणूस टेम्परेचर ‘रन’ करतो, आपल्याकडे अंगात ताप भरतो. ओढून ताणून प्रत्येक अर्थ मूळ चित्राशी जुळवायला जाऊ नये. काही वापर रुळून गेलेले असतात, ते तसेच उचलावेत.

एका शब्दाला एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ असतात, या गोष्टीला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पॉलिसेमी’ हे नाव रूढ केलं. मराठीत अनेकार्थता. यासाठी आपल्याकडचं ‘पान’ हे उदाहरण मला फार आवडतं. झाडाचं पान. त्यातलंच एक विड्याचं. पानासारखं पातळ आणि सपाट म्हणून वहीचं पान, पत्त्याचं पान. केळीच्या पानावर जेवत म्हणून जेवणाचं पान, आणि आता स्टीलचं ताट असलं तरी ‘पानं घ्या’ असंच म्हणतो. पाचही अर्थ एकाच देठाला फुटलेत.

‘माळ’चं तसं नाही. फुलांची ती माळ वेगळी आणि गुरं चरायला जातात तो माळ वेगळा. अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही, केवळ उच्चार जुळले. इंग्रजीतली पैशांची बँक आणि नदीचा काठ या अर्थाचा ‘बँक’ हे आज असेच वेगळे शब्द मानले जातात. शब्दकोशात अशा जुळ्यांच्या वेगवेगळ्या नोंदी करतात. ‘रन’चे ६४५ अर्थ मात्र एकाच नोंदीखाली येतात, कारण ते एका कुळातले आहेत.

आपल्या पूर्वजांनाही या विषयाची गोडी होती. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग नावाचा एक अख्खा भाग अनेक अर्थांच्या शब्दांसाठी आहे. त्यात ‘हरि’ या एका शब्दाचे अर्थ आहेत : यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक, आणि वर पिंगट रंग. जुन्या पाठशाळेत मुलं हे श्लोकात तोंडपाठ करत.

पण ६४५ म्हणजे नेमके ६४५ का? सहाशे का नाहीत, सातशे का नाहीत? याचं सरळ उत्तर असं की अर्थ हे शेंगेतल्या दाण्यांसारखे सुटे नसतात. ते रंगांसारखे एकमेकांत मिसळलेले असतात आणि रेघ कुठे मारायची हे संपादकाला ठरवावं लागतं. काही संपादक जवळचे अर्थ एकत्र बांधतात, काही बारीकसा फरक दिसला तरी वेगळा क्रमांक देतात. शाळकरी कोशात तोच शब्द पाच-दहा अर्थांत आटोपतो.

रेघ मारायची एक युक्ती आहे, ती घरी करून बघण्यासारखी आहे. दोन वापर एकाच क्रियापदाला जुंपायचे. ‘मला भूक आणि तहान लागली’ हे वाक्य बिनतक्रार चालतं, म्हणजे तिथे ‘लागणे’चा अर्थ एकच. आता ‘मला भूक आणि ठेच लागली’ म्हणून बघा. वाक्य अडखळतं. म्हणजे मध्ये कुठेतरी अर्थाची हद्द आहे. इंग्रजीत ‘ती मॅरेथॉन आणि कंपनी रन करते’ हेही असंच अडखळतं.

ऑक्सफर्डच्या कोशाची मूळ पद्धत याहून कष्टाची होती. जेम्स मरे १८७९ साली संपादक झाले तेव्हा त्यांनी घराच्या अंगणात पत्र्याची एक खोली बांधून घेतली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ नाव दिलं. गावोगावचे स्वयंसेवक पुस्तकं वाचून, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून तिथे पाठवत. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर सोडायचा, सारख्या अर्थाची वाक्यं एकत्र ठेवायची, मग ते ढीग जुन्या वापराकडून नव्याकडे अशा क्रमानं लावायचे. अर्थ आधी आणि उदाहरण मागून असं नव्हतं. वाक्यांतून अर्थ निघत होता. पहिला भाग १८८४ साली छापला गेला, मरे १९१५ मध्ये वारले, आणि कोश पुरा झाला १९२८ साली. या कामाची सुरुवात झाली होती लंडनमध्ये १८५७ साली, कोशांतून राहून गेलेले शब्द गोळा करण्यासाठी नेमलेल्या एका समितीपासून. योगायोग असा की त्याच १८५७ मध्ये मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. पहिली १८३१ ची. त्यामागे मराठी शास्त्री-पंडितांचे कष्ट होते. आमच्या कामात तो कोश अजूनही रोज उघडावा लागतो.

सर्वांत साध्या शब्दांनाच सर्वांत जास्त अर्थ का, यावर अमेरिकेतल्या जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९४५ साली एक नियम मांडला. शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ जास्त, साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे एक शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरात असेल तर त्याचे अर्थ दहापट असतील. बोलणाऱ्याला थोड्या, ओळखीच्या शब्दांत काम भागवायचं असतं, म्हणून तो हाताशी असलेला शब्दच नव्या जागी वापरतो. घरातली एकच सांडशी जशी पातेलं उतरवायला, पापड भाजायला आणि घट्ट बसलेलं झाकण उघडायलाही उपयोगी पडते.

मग ऐकणाऱ्याचा गोंधळ कसा होत नाही? कारण शब्द कधीच एकटा येत नाही. ‘रन’च्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभं आहे ते पाहिलं की अर्थ निवडला जातो. शेजारी नाक किंवा नळ असेल तर वाहणं. दुकान, शाळा, संस्था असेल तर चालवणं. यंत्र, गाडी, प्रोग्रॅम असेल तर चालणं. रस्ता, भिंत, नदी असेल तर कडेनं जाणं. म्हणूनच मला वाटतं, शाळेत सुटे शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करायला लावणं बंद व्हायला हवं. ‘रन म्हणजे धावणे’ ऐवजी ‘रन अ शॉप म्हणजे दुकान चालवणे’ अशी जोडी वहीत उतरली, तर मूल पुढच्या वेळी अडणार नाही. मराठी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत मला हे फारच तळमळीनं वाटतं. त्यांची भाषेची जाण कमी नसते, त्यांच्या हातात दिलेला कोश अपुरा असतो.

त्या मुलीला हे पटावं म्हणून मी तिला एक काम दिलं. ‘आठवडाभर घरात कान देऊन ऐक. कोणीही “लागणे” वापरलं की वाक्य चिठ्ठीवर लिही. मनानं बनवायचं नाही, ऐकलेलंच.’ जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या तिनं स्वतःच कापल्या. पुढच्या रविवारी आली तेव्हा पिशवीत एकोणचाळीस चिठ्ठ्या होत्या. आम्ही त्या जमिनीवर पसरल्या.

ढीग पटापट पडत गेले. पायाला ठेच लागली, गरम तव्याला हात लागला, बोट धक्क्याला लागली : हा स्पर्शाचा. भूक, तहान, झोप, थंडी : हा शरीराला जाणवण्याचा. वेळ लागतो, पैसे लागतात : हा गरजेचा. पाऊस पडायला लागला, रडायला लागली : हा सुरुवातीचा. जावं लागतं, करावं लागतं : सक्तीचा. निकाल लागला, नोकरी लागली एका बाजूला. झाडाला कैऱ्या लागल्या दुसऱ्या. आमटी खारट लागते ही एकटीच राहिली. ती आमची मावशी लागते, ही तिच्या आजीची चिठ्ठी. ‘लग्न लागलं’ हाती आलं तेव्हा मी तिला सांगितलं की ‘लग्न’ हा शब्दही त्याच कुळातला, संस्कृतमधल्या ‘लग्’ या धातूपासून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ चिकटलेला, जोडलेला. ती चिठ्ठी तिनं उचलून स्पर्शाच्या ढिगाशेजारी ठेवली. चिकटणं हे सगळ्यांच्या मुळाशी आहे, हे मी सांगायच्या आधीच तिच्या ध्यानात आलं होतं.

शेवटी एकच चिठ्ठी हातात उरली : ‘मला बस लागते.’ घाटात उलटी होते म्हणून तिच्या धाकट्या भावानं खिडकीची जागा मागताना म्हटलेलं. आधी तिनं ती गरजेच्या ढिगावर ठेवली, कारण ‘शाळेत जायला बस लागते’ ही चिठ्ठी तिथे होतीच. मग दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली आणि मान हलवली. शरीराच्या ढिगावर ठेवून पाहिली. तिथेही भूक आणि बस शेजारी शेजारी पटेनात. बराच वेळ ती चिठ्ठी बोटांत फिरवत बसली. मग तिनं माझ्याकडून एक कोरी चिठ्ठी मागून घेतली, तिच्यावर ‘बाळाला दृष्ट लागली’ असं लिहिलं, खाली ‘ऊन लागलं’, ‘पाणी लागलं’ असं लिहिलं, आणि स्पर्शाच्या ढिगापासून जरा दूर, खिडकीच्या बाजूला, नवा ढीग मांडला.